फाल्गुनरावाची पगडी, भाडं दीडशे रुपये

दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचून मालक चिडले तर पुढच्या वर्षी आमच्या मंडळाला अंगरखे कोण देणार? सांगलीत ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याने देणारं दुकान, एवढंच सांगतो. पाचपैकी साडेतीन तारे.

आम्ही हौशी मंडळी. कुणी बँकेत, कुणी शाळेत, मी जिल्हा परिषदेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त. यंदा ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक करायचं ठरलं आणि त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव माझ्या वाट्याला आला. नाटककार देवल आमच्या हरिपूरचे, तेव्हा ते इथे वाईट झालं तर लोक रस्त्यात अडवून बोलतात. तरुणपणी याच नाटकात मी फाल्गुनरावाचा नोकर भादव्या केला होता. मालकाच्या मागे उभं राहून उभं राहून फाल्गुनरावाचे सगळे संवाद पाठ झाले होते. गणपतराव बोडसांनी गाजवलेली भूमिका! आणि गाण्याचा खरा भार अश्विनशेट आणि रेवती या प्रेमी जोडीवर, ही माझ्यासारख्या बेसूर माणसाची सोय. तालमीत एवढंच कळलं होतं की फाल्गुनराव विनोद करत नाही. तो खरोखर जळत असतो. आपण हसवायला गेलो की लोक हसायचे थांबतात.

तर ड्रेपरी. धोतर, अंगरखा, उपरणं, पगडी, पुणेरी जोडा असा संच एका दिवसाला सहाशे. त्यात एकट्या पगडीचे दीडशे. अनामत हजार, ती मात्र दुसऱ्या दिवशी एका शब्दाने न कुरकुरता परत मिळाली. अंगरखा छान होता, बंद सगळे शाबूत. धोतर शिवलेलं, आत इलॅस्टिक. धावपळीच्या प्रवेशात त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास इतका की आमची कृत्तिका, म्हणजे नाटकातली फाल्गुनरावाची बायको, म्हणाली, ‘‘काका, या वासाच्या माणसाचा संशय कुठली बायको घेईल हो?’’ दोन दिवस आधी आणून उन्हात टाका, हा माझा सल्ला.

जोड्यांचं विचारू नका. दोन्ही डाव्या पायाचे निघाले. घरच्या कोल्हापुरी चपला घातल्या.

आता पगडी. दुकानात घालून पाहिली तेव्हा बरी बसली होती, कारण तेव्हा मी स्थिर उभा होतो. फाल्गुनराव स्थिर कुठे असतो? पहिल्याच प्रवेशात मान वळवली आणि पगडी भुवयांवर आली. विंगेत जाऊन आत वर्तमानपत्राची घडी घातली, ती घामाने बसली. शेवटी डावा हात पगडीला आणि उजवा संवादाला, असं नाटक रेटलं. कृत्तिका तसबीर न्याहाळत बसलेली, मागून मी येतो, पाहतो, आणि तसबीर हिसकावतो त्या जागी दोन्ही हात लागतात. पगडी थेट नाकावर. मी एका बोटाने ती वर केली, एका डोळ्याने तसबीर पाहिली आणि वाक्य टाकलं. भावे नाट्यमंदिरात एवढा हशा मी माझ्या वाट्याला आलेला कधी ऐकला नव्हता.

तसबीरही त्याच दुकानातली. चौकटीत कुणा मिशाळ गृहस्थाचा फोटो, बहुधा मालकांचे आजोबा. नाटकात ती तसबीर असते अश्विनशेटची, आणि आमचा अश्विनशेट गुळगुळीत दाढीचा. या नाटकाचा मूळ गद्य अवतार १८९३चा, त्याचं नावच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. आमचा घोटाळा देवलांच्याही पुढचा. तो पहिल्या रांगेला दिसला, बाकीच्यांना नाही. नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, घेताना चौकटीच्या आत काय आहे ते बघून घ्या.

प्रयोगानंतर एक जुने नाट्यवेडे आजोबा आत आले. म्हणाले, ‘‘पगडी सावरायची लकब कुठून उचललीत? डोक्यातला संशय सांडू नये म्हणून धरल्यासारखी वाटते.’’ मी नमस्कार केला आणि गप्प बसलो.

महिन्याने मिरजेला दुसरा प्रयोग ठरला. मी शहाण्यासारखं दोऱ्याने डोकं मोजलं आणि दोरा दुकानात पाठवला. मालकांनी बरोबर मापाची पगडी काढून दिली, जोडेही यावेळी डावा-उजवा. तक्रारीला जागा नाही. पगडी तासन्‌तास हलली नाही. मी हात सवयीने डोक्याकडे नेत होतो, पण तिथे काम नव्हतं. लोकांनाही ते खोटं दिसलं असावं. तसबिरीच्या जागी हशा आला तो बेताचा, कृत्तिकेच्या वाट्याचा.

जानेवारीत तिसरा प्रयोग आहे. काल दुकानात जाऊन मालकांना सांगितलं, ती पहिलीच पगडी बाजूला ठेवा, आतल्या पट्टीवर शाईने ७ लिहिलंय ती. ते म्हणाले, ‘‘अहो, ती सैल होते म्हणून तुम्हीच बोंब मारलीत ना?’’ दीडशे रुपये आगाऊ देऊन आलो.