जुन्या मियाटाला मागचे मोठे ब्रेक: जंकयार्डमधले १.८ चे ब्रॅकेट कसे वाटले

१९९० ते ९३ मधली १.६ लिटरवाली माझदा मियाटा (दोन सीटची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार) ज्यांच्याकडे आहे आणि पुढचे ब्रेक आधीच नंतरच्या १.८ लिटर मियाटाचे करून झालेत त्यांनी हे मागचं काम डोळे झाकून करावं, इतकं मला ते आवडलंय. पुढचे अजून मूळचेच असतील तर मात्र आधी ते करा किंवा चारही एकदम करा, नुसते मागचे मोठे करू नका, कारण खाली लिहिलंय.

आधी प्रकार काय आहे ते. १९९४ ला माझदाने मियाटात १.८ चं इंजिन टाकलं आणि त्याबरोबर ब्रेकही वाढवले, पुढची डिस्क २३५ मिमीची २५५ झाली आणि मागची २३१ ची २५१. यातली भारी गोष्ट अशी की मागचा कॅलिपर (पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कवर दाबणारा भाग) तोच चालतो, पिस्टन तेवढाच, फक्त कॅलिपर ज्याच्यावर बसतो तो ओतीव लोखंडाचा ब्रॅकेट वेगळा आहे, तो कॅलिपरला थोडा बाहेर धरतो म्हणजे मोठी डिस्क आत मावते. म्हणजे तुम्हाला लागतं काय तर १.८ चे दोन मागचे ब्रॅकेट, १.८ च्या डिस्क आणि १.८ चे पॅड (१.६ चे पॅड वेगळ्या आकाराचे आहेत, ते इथे चालत नाहीत). मास्टर सिलिंडरला (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये देणारा भाग) हात लावायचा नाही, होज म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी उघडायची नाही, आणि १४ इंची चाकंसुद्धा तीच राहतात.

माझ्या गाडीला आधीच्या मालकाने पुढे १.८ चे ब्रेक बसवले होते आणि मागे तसंच सोडून दिलं होतं, असं करणारे खूप आहेत कारण सगळे म्हणतात की ब्रेक लावताना वजन पुढे जातं मग मागच्याचं काय एवढं. अर्धं खरं आहे ते. पण कारखान्यातून पुढच्या-मागच्याचं जे प्रमाण ठरवून येतं ते पुढे २० मिमी वाढवल्यावर बिघडतं, पुढची चाकं आधी लॉक होतात, मागच्या टायरकडे अजून पकड शिल्लक असते पण ती वापरलीच जात नाही, आणि माझ्या गाडीला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही त्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की नाक खाली आणि गाडी सरळ पुढे. मागेही २० मिमी वाढवले की प्रमाण जवळजवळ पुन्हा कारखान्यातलंच होतं. याच्या उलट, पुढे मूळचे ठेवून फक्त मागे मोठे केले तर मागची चाकं आधी लॉक व्हायचा धोका, आणि २२६५ मिमीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असलेली हलकी रिअर व्हील ड्राइव्ह गाडी वळणावर मागून सुटली की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून वर ते वाक्य पहिल्याच परिच्छेदात लिहिलं.

आता सेकंडहँड मालाबद्दल, कारण खरा रिव्ह्यू त्याचाच आहे. मी ब्रॅकेट कॅलिफोर्नियातल्या बे एरियामधल्या एका सेल्फ सर्व्हिस जंकयार्डमधून (भंगारात निघालेल्या गाड्यांचं आवार) आणले, एंट्री भरायची, आपले पाने आपणच न्यायचे, आपणच खोलायचं. मियाटा यार्डात आली की भराभर सुटी होते त्यामुळे यार्डाच्या साइटवर नवीन आलेल्या गाड्यांवर लक्ष ठेवावं लागतं. पुढून ठोकलेली गाडी मिळाली तर सोनंच समजा, मागचा सगळा माल शाबूत असतो. १९९४ ते ९७ ची कुठलीही चालेल, १९९९-२००० ची सुद्धा. २००१ पासूनच्या स्पोर्ट पॅकेजवाल्यांना मागे २७६ मिमीची डिस्क आहे, त्याचे ब्रॅकेट वेगळे आणि चाकं किमान १५ इंची लागतात, तेव्हा टेप घेऊन जा आणि डिस्क तिथेच मोजा, सांगणाऱ्यावर किंवा गाडीच्या काचेवर लिहिलेल्या सालावर अवलंबून राहू नका.

घेताना बघायचं काय? ब्रॅकेटमधल्या स्लाइड पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो) हाताने बाहेर ओढून बघा, नुसत्या बोटांनी सरकल्या पाहिजेत, आत गंज धरला असेल तर तो ब्रॅकेट ठेवून द्या कारण अडकलेली पिन म्हणजे एकच पॅड झिजणार आणि डिस्क एका बाजूने तापणार. पॅडचे कान जिथे बसतात तिथे खड्डा पडलाय का ते बघा. आटे बघा. कॅलिफोर्नियाच्या गाड्या कोरड्या असतात त्यामुळे इथे बोल्ट सहज सुटतात, पण न्यू जर्सी किंवा मिशिगनला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या आपल्या लोकांनी बोल्ट तुटेल हे धरूनच जावं किंवा सरळ कोरड्या राज्यातून मागवावं.

माझं स्पष्ट मत आहे की जे झिजत नाही ते जुनं घ्यायचं आणि जे झिजतं ते नवीन. ब्रॅकेट हा लोखंडाचा ठोकळा आहे, घासून, वायर ब्रश मारून, रंग देऊन, पिनांना नवीन रबरी बूट आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं की तो नव्यासारखाच आहे. जुन्या डिस्क आणि जुने पॅड मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. जुने कॅलिपरही मी घेतले नाहीत, मागच्या कॅलिपरच्या आत हँडब्रेकची यंत्रणा असते, ती आतून कशी आहे ते बाहेरून कळत नाही, आपला खराब असेल तर रिबिल्ट केलेला घ्यावा. दोन्ही ब्रॅकेटचे मिळून पैसे नव्या पॅडच्या सेटपेक्षा कमी पडले.

बसवणं अवघड नाही, पण मियाटाच्या मागच्या कॅलिपरची एक खोड आहे ती नीट समजून घ्या. पुढच्यासारखा सी क्लॅम्प लावून पिस्टन आत दाबायचा नाही, आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते. आधी हँडब्रेक पूर्ण सोडा. कॅलिपरच्या पाठीमागे एक बोल्ट आहे तो काढला की आत ४ मिमीच्या ॲलन कीचा स्क्रू दिसतो, तो डावीकडे फिरवला की पिस्टन आत जातो. सगळं बसवून झालं की तोच स्क्रू उजवीकडे फिरवत जायचं, डिस्क हाताने फिरेनाशी झाली की थांबायचं आणि साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा, मग तो बोल्ट परत लावायचा. बऱ्याच मियाटांचा हँडब्रेक ढिला असतो आणि लोक केबल ताणत बसतात, पण मूळ दुखणं या स्क्रूचं असतं. काम चालू असताना कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. डिस्कच्या मागचा पत्रा मोठ्या डिस्कला घासतो, तो थोडा मागे वाकवावा लागला, हाच काय तो या कामातला कटकटीचा भाग. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो तो ब्रेक क्लीनरने पुसा. होज उघडलेलाच नाही त्यामुळे हवा काढायची गरज नव्हती, पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते किती जुनं होतं देव जाणे म्हणून मी या निमित्ताने सगळं बदलून डॉट ४ टाकलं.

फरक कुठे कळला तर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्यावरून हायवे ९ ने खाली साराटोगा गावाला उतरताना. आपल्याकडचा घाटच आहे तो, वळणामागून वळण आणि सतत उतार. आधी खाली येईपर्यंत पुढून वास यायचा आणि पेडल जास्त खाली जायचं, आता वरच्या पहिल्या वळणाला पेडल जिथे होतं तिथेच शेवटच्या वळणालाही असतं. नाक कमी दबतं, गाडी चारही पायांवर बसल्यासारखी थांबते, वळणात शिरताना थोडा ब्रेक दाबलेला ठेवला तरी ती पुढे पळत नाही तर सोबत वळते. माझ्यासाठी याचीच किंमत जास्त आहे. हँडब्रेक चढावर दोन-तीन खटक्यांतच धरतो.

एकदाच करकचून ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबते हे शेवटी टायर ठरवतात, तेव्हा टायर कडक झालेले असतील तर आधी पैसे तिकडे घाला. मोठ्या डिस्कचा फायदा उष्णतेचा आणि संतुलनाचा आहे. रोज ऑफिसला सपाट रस्त्याने जाणाऱ्याला फार काही जाणवणार नाही, पण डोंगरात किंवा थंडरहिलसारख्या ट्रॅकवर जाणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवेल.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पत्र्यासाठी कापला. चाकं लावल्यावर नट टॉर्क रेंचनेच आवळा, ८८ ते ११८ न्यूटन मीटरमध्ये, आणि थोडं चालवून झाल्यावर परत एकदा तपासा. आणि यार्डात १.८ ची मियाटा दिसली तर पुढचे ब्रॅकेटही त्याच फेरीत काढून घ्या, पुढच्या वेळी ती गाडी तिथे नसेल.