मेटल कॉन्सर्टसाठी घेतलेले फिल्टरवाले इअरप्लग: महिनाभराचा अनुभव

३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका या हेवी मेटल (कर्कश, जोरकस रॉक) बँडला ऐकून आम्ही दोघे पुण्याला परतलो, तेव्हा माझ्या कानांतली शिट्टी दोन दिवसांत थांबली. माझ्या मित्राची मात्र आजतागायत थांबलेली नाही. पंखा सुरू असल्याशिवाय त्याला झोप लागत नाही, आणि त्यानंतर तो एकाही कॉन्सर्टला आलेला नाही. यंदा बेंगळुरू ओपन एअर या मेटल संगीत महोत्सवाला जायचे ठरले, तेव्हा त्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारून घेतले आणि मगच आम्ही सिलिकॉनच्या या इअरप्लगच्या दोन जोड्या मागवल्या.

औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे आम्ही पूर्वी वापरले होते. फोम वरच्या पट्टीचा आवाज जास्त अडवतो आणि खालच्या पट्टीचा कमी, त्यामुळे गिटारची धार जाते आणि शेजारच्या घरात गाणे लागले आहे असे वाटू लागते. या इअरप्लगच्या मधोमध बारीक नळी आहे आणि तिच्यातला फिल्टर सगळ्या पट्ट्यांचा आवाज साधारण सारखाच खाली आणतो. ओळखीच्या एका बँडच्या जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, ड्रमसेटपासून जेमतेम सहा फुटांवर बसून आम्ही त्याची परीक्षा घेतली. डबल बेस पेडलचे, म्हणजे दोन्ही पायांनी मोठ्या ड्रमवर वाजवलेले जलद ठोके एकमेकांत न मिसळता सुटे सुटे ऐकू आले, आणि राइड झांजेच्या मधल्या उंचवट्यावर काठी पडल्याचा टणत्कारही स्पष्ट कळला. मित्र दोन गाणी डोळे मिटून ऐकत होता. बाहेर आल्यावर तो एवढेच म्हणाला, "अरे, शिट्टी वाढली नाही."

प्लग बसवायला मात्र शिकावे लागते. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा आणि मग प्लग हलकेच फिरवत आत सरकवायचा; असे केले नाही तर तो अर्धवट बसतो. मित्राला मधला आकार दुखला, सोबतचा लहान आकार नीट बसला. प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, त्यामुळे बँडसोबत ओरडून गाणाऱ्यांना सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल. डबीचे झाकण सैल आहे, खिशात ते आपोआप उघडते.

पाकिटावर २० डेसिबलची घट लिहिली आहे, पण तो आकडा प्रयोगशाळेतला आहे आणि प्रत्यक्षात घट कमीच मिळते, हे लक्षात ठेवावे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश (NIOSH) या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. मेटलच्या कॉन्सर्टमध्ये आवाज सहज त्याच्याही वर जातो. म्हणून प्लग असले तरी आम्ही स्पीकरसमोर उभे न राहता मागे, साउंड कन्सोलजवळ (ध्वनितंत्रज्ञ आवाज नियंत्रित करतात त्या टेबलाजवळ) थांबणार आहोत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा त्या झाकणापायी गेला. उद्यान एक्स्प्रेसची तिकिटे काढून झाली आहेत, आणि मित्राने २०११ चा तो काळा टी-शर्ट कपाटातून काढून, धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे.