नाचणीचं सत्त्व की मोडाचं पीठ? बाळाचं वरचं खाणं सुरू करणाऱ्यांसाठी

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की घरात दोन पार्ट्या पडतात, एक सत्त्ववाली आणि एक मोडाच्या पिठाची (म्हणजे मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळलेली नाचणी). आमच्यात पण पडल्या. सासूबाई भुदरगडकडच्या, त्यांचा सगळा जीव सत्त्वावर. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही स्वतः करून खाऊ घातलंय, त्यावरनं सांगतोय.

सत्त्व एकदम मऊ, कोंडा नाही, त्यामुळं अगदी सुरुवातीचे काही दिवस ते बरं पडतं. पण भिजवा, वाटा, फडक्यातनं गाळा, तळाला बसू द्या, वरचं पाणी ओता, मग परात उन्हात... आणि कोल्हापुरात पाऊस लागला की ऊन आणायचं कुठनं, थर वाळायच्या आधीच आंबूस वास मारायला लागतो.

ते पण चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरलं ते घट्ट होण्यानं. सत्त्व म्हणजे बहुतेक नुसता स्टार्च, गॅसवर मस्त पातळ दिसतं, पण आमचं ध्यान एक घास घेणार, मग पंख्याकडं बघणार, मग दारातल्या मांजराकडं, तवर वाटीतलं थिजून चमचा उभा. मग गरम पाणी ओता, ढवळा, गुठळ्या होणार आणि त्या तोंडातनं बाहेर. पाणी वाढवत गेलं तर पोट भरतंय पण अंगाला काय लागणार?

मोडाच्या पिठात ही कटकट बरीच कमी. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, ते स्टार्च फोडतात, म्हणून पीठ थोडं जास्त घातलं तरी खीर सैल राहते आणि तेवढ्याच चार चमच्यांत जास्त पोटात जातं. फक्त थंड पाण्यात कालवून मंद गॅसवर नीट शिजवा, आणि खमंगपणाच्या नादात मोड फार भाजू नका, एन्झाइम मरतात. शिवाय नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ते बरंचसं सालात, म्हणजे सत्त्व गाळताना चोथ्याबरोबर म्हशीला! हे सासूबाईंना अजून फारसं पटलेलं नाही.

गिरणीचा तेवढा ताप आहे, एवढ्याशा पिठासाठी कोण गिरणी लावत नाही, मिक्सरला फिरवून बारीक चाळणीनं चाळा. विकतचं घेत असाल तर पाकिटामागं साखर आहे का बघा. वर्षाच्या आत साखर नको, गूळपण नको, आता कोल्हापुरात बसून गूळ नको म्हणायला जड जातंय, पण केळं कुस्करून घातलं तर आमचं तरी वाटी संपवतंय.