ठासणीच्या बंदुकीसाठी खरी काळी दारू की पर्यायी? गोएक्स, स्विस, पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न २०९

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीने, शिकार करण्याला बऱ्याच राज्यांत वेगळा हंगाम असतो. तिथे राहणारे आपले काही लोकही त्यासाठी बंदूक घेतात आणि पहिला प्रश्न दारूचा येतो. दुकानदार बहुधा समोरच्या फळीवरचा पर्यायी दारूचा डबा (पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन किंवा ब्लॅकहॉर्न २०९) हातात देतो, कारण खरी काळी दारू कायद्याने स्फोटक आहे. तिच्या साठवणुकीचे आणि वाहतुकीचे नियम कडक असल्याने पुष्कळ दुकाने ती ठेवतच नाहीत. पण कोणती दारू घ्यायची हे दुकानात काय मिळते यावर ठरवू नये. आपल्या बंदुकीत ठिणगी कशी पडते, यावर ते ठरवावे.

चकमकीच्या बंदुकीत प्रश्नच नाही, काळी दारूच हवी. गारगोटीची ठिणगी आधी रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू, पेटवते, आणि त्या रंजकाची ज्योत कानातून (नळीच्या बाजूच्या छिद्रातून) आत जाऊन मुख्य बार, म्हणजे नळीत भरलेली दारू, पेटवते. पर्यायी दारू पेटायला काळ्या दारूपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे रंजक उडते आणि बार आतच राहतो, किंवा क्षणभर थांबून उडतो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर सुरू होणाऱ्या चकमकीच्या हंगामात ज्यांना उतरायचे आहे, त्यांनी पायरोडेक्सवर पैसे घालवू नयेत. टोपीवर (ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) घोडा पडणाऱ्या बंदुकीत पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन चालतात, फक्त टोपी ताजी आणि ती जिच्यावर बसते ती नळकांडी, म्हणजे निपल, साफ हवे. ब्लॅकहॉर्न २०९ मात्र शॉटगनच्या २०९ प्रायमरवर (टोपीहून जोरदार पेटणाऱ्या पुडीवर) चालणाऱ्या इनलाइन, म्हणजे बाराच्या थेट मागून ठिणगी देणाऱ्या, बंदुकीसाठीच आहे. साध्या टोपीने ती भरवशाने पेटत नाही.

आता मापाकडे येऊ, कारण सगळ्यात धोकादायक चूक इथे होते. काळ्या दारूचा बार 'ग्रेन'मध्ये (पौंडाचे ७,००० ग्रेन) सांगतात, आणि ते माप नळीच्या मापट्याने, म्हणजे आकारमानाने घेतात. पायरोडेक्स त्याच मापट्याने तितकीच भरावी अशी बनवली आहे, पण ती हलकी असते. मापट्यातल्या १०० ग्रेन पायरोडेक्सचे वजन साधारण ७० ते ७५ ग्रेन भरते. काट्यावर १०० ग्रेन तोलून टाकले, तर बार जवळजवळ एक-तृतीयांशाने जास्त होतो. ब्लॅकहॉर्नचेही तसेच: मापट्याचे १०० म्हणजे काट्याचे सुमारे ७०. ट्रिपल सेव्हन मापट्याने सारखी भरली तरी जोर जास्त देते. काळ्या दारूइतकाच वेग हवा असेल तर बार १५ टक्क्यांनी कमी करावा, असे ती बनवणारी हॉजडन कंपनीच सांगते. म्हणजे ८० ग्रेनचा नेहमीचा बार असेल तर ६८. आणि धूरविरहित आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत चमचाभरही मिसळायची नाही, नळी फुटते.

दाण्याचा आकारही पाहावा. 'एफ'चा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. .५० (इंच व्यासाच्या) आणि त्याहून मोठ्या नळीला २एफ, .४५ आणि खालच्या नळीला व पिस्तुलाला ३एफ, आणि रंजकासाठी ४एफ. पायरोडेक्समध्ये आरएस साधारण २एफच्या आणि पी ३एफच्या जागी येते. २एफच्या जागी ३एफ घातली तर दाब वाढतो, म्हणून बार कमी करूनच सुरुवात करावी.

भरताना दारू डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नये. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत असला, तर अख्खा डबा हातात पेटेल. दारू मापट्यात घ्यायची, मग नळीत. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची, मध्ये पोकळी राहिली तर नळीला फुगवटा येतो. यासाठी एक सोपी सोय आहे: योग्य बार ठासल्यावर ठासणीचा गज आत असतानाच नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करून ठेवा. पुढच्या वेळी खूण तोंडाच्या वर दिसली, तर गोळी अडली आहे किंवा आत जुना बार आहे. बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबावे.

पर्यायी दारूला 'गंज लागत नाही' ही समजूत पक्की बसलेली आहे, आणि पायरोडेक्सच्या बाबतीत ती चुकीची आहे. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन क्षार म्हणून मागे राहतो आणि तो हवेतली ओल ओढतो. पायरोडेक्सचा मळ दिसायला कमी असतो, पण तिच्यातल्या पर्क्लोरेटमुळे क्लोराइड उरते आणि ते पोलादाला जास्त वाईट. त्याच दिवशी धुवायचे, मग ती कोणतीही असो. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, फडकी पांढरी निघेपर्यंत गज फिरवायचा, नळी पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फडके फिरवून पाहायचे. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीला खनिज तेल लावून काळ्या दारूचे बार काढू नयेत, डांबरासारखा चिकट थर होतो. मेण आणि चरबीचे मिश्रण चांगले.

ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, त्यामुळे सडक्या अंड्याचा वास येत नाही आणि ती पाण्याने सहज निघते. तिची खोड वेगळी आहे. गोळी बसते त्या जागी मळाचे कडक कडे तयार होते आणि दुसरी गोळी तिथे अडते. जोरदार २०९ प्रायमरने ते वाढते, म्हणून सौम्य प्रायमर वापरावा आणि दोन बारांमध्ये एक ओलसर व एक कोरडे फडके फिरवावे. ब्लॅकहॉर्नला हा त्रास नाही, फडके न फिरवता बरेच बार निघतात. तिचा मळ मात्र पाण्याने निघत नाही, पेट्रोलियमचे सॉल्व्हंट लागते. ब्रीच प्लगच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बुचाच्या) ज्योतमार्गात काजळी घट्ट बसते आणि बार उशिरा उडू लागतो. १/८ इंची ड्रिल बिट हाताने फिरवून ती खरवडावी.

खऱ्या दारूत स्वित्झर्लंडमधल्या ओबोन इथली स्विस सर्वांत सरस. तिचा मळ मऊ राहतो, वेग एकसारखा मिळतो. गोएक्सपेक्षा जोर जास्त, म्हणून बार थोडा कमी ठेवावा. निशाण्याच्या स्पर्धेसाठी जास्तीचे पैसे द्यावेत अशी हीच. जर्मन शुएट्झेन गोएक्सच्या जवळपास. गोएक्स हा अमेरिकेचा रोजचा डबा. लुईझियानातल्या मिंडेनचा हा कारखाना २०२१ मध्ये हॉजडनने बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तुटवडा झाला. २०२२ मध्ये तो मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या एस्टेस कंपनीने घेतला. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना एमएलएआयसी, तिच्या स्पर्धांत कारखान्यात बनलेली काळी दारूच चालते, पर्यायी नाही.

सुट्या दारूऐवजी दाबून बनवलेल्या तयार वड्या घेणार असाल तर आधी राज्याचे नियम वाचा, कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात वड्यांना बंदी आहे. पायरोडेक्सच्या वडीची गडद बाजू प्रायमरकडे हवी, तिथे पेट घेण्यासाठी काळ्या दारूचा थर असतो. उलटी टाकली की बार चुकतो.

डब्याची किंमत नव्हे, बाराची किंमत काढा. काळी दारू पौंडाच्या डब्यात येते, म्हणजे ७,००० ग्रेन, १०० ग्रेनचे ७० बार. ब्लॅकहॉर्नचा डबा १० औंसांचा, म्हणजे ४,३७५ ग्रेन. प्रत्येक बाराला वजनाने ७० धरले तर ६२. महिन्यातून एकदा मैदानावर जाणाऱ्याला गोएक्स पुरते. वर्षातून एकच हरीण मारायला इनलाइन बंदूक घेऊन जाणाऱ्याने ब्लॅकहॉर्न घ्यावी, दमट हवेतही ती ओल धरत नाही.