ठासणीच्या बंदुकीत कुठली गोळी चालते: .५० कॅलिबरमध्ये वापरून बघितलेल्या गोळ्या, दारू आणि ठासायची पद्धत

आधीच निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. बार्न्स कंपनीची २५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) टी-ईझेड गोळी, ब्लॅकहॉर्न २०९ दारू मापाने १०० ग्रेन आणि मॅग्नम २०९ प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), हे जमलं तर शंभर यार्डांवर माझ्या बंदुकीत तीन गोळ्या एकमेकींपासून दीड इंचाच्या आसपास बसतात, हरणाच्या शिकारीला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. हॉर्नडीची एसएसटी-एमएल अगदी मागोमाग. पण खरं सांगू का, गोळी बदलून जेवढा फरक पडला त्याच्या दुप्पट फरक ठासायची पद्धत सरळ केल्यावर पडला, म्हणून रिव्ह्यू गोळ्यांचा असला तरी निम्मा त्याच्यावरच आहे.

बंदूक साधी इनलाइन (प्रायमर सरळ दारूच्या मागे), .५० कॅलिबर म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं, गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आट्यांचा वळसा २८ इंचात एक, म्हणजे १:२८. हा आकडा आधी बघा, गोळी नंतर. १:२८ ला लांब गोळ्या आवडतात, सॅबोटवाल्या (प्लॅस्टिकच्या कपातल्या) किंवा शिशाच्या कोनिकल (लांबट, टोकाकडे निमुळत्या). जुन्या पद्धतीच्या बाजूला घोडा असलेल्या बंदुकीत १:४८ असेल तर मधलं काम, छोट्या कोनिकल पण चालतात आणि चिंधीत गुंडाळलेला गोल छर्रा पण बऱ्यापैकी. १:६६ असेल तर गोल छर्राच घाला, .४९० चा, लांब गोळीला तिथे पुरेशी फिरकी मिळत नाही आणि ती टार्गेटवर आडवी होऊन भोक पाडते. दुकानात कोणी हे विचारत नाही, सरळ डबी हातात देतात.

आता सॅबोट. गोळी .४५ ची, तिच्याभोवती प्लॅस्टिकचा कप, नळीतून बाहेर पडल्यावर कप गळून जातो. सगळी गंमत त्या प्लॅस्टिकच्या जाडीत आहे. सगळ्या .५० नळ्या अगदी सारख्या नसतात, हजारांश इंचांचा फरक असतो आणि तेवढ्यानेच कप सैल होतो नाहीतर गजावर (गोळी ठासायच्या दांड्यावर) दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. सैल असेल तर बार सारखे जात नाहीत, फारच घट्ट असेल तर ढकलताना गोळीचं टोक चेपतं आणि थंडीत प्लॅस्टिक कडक झालं की शिकारीत दुसरी गोळी भरणं म्हणजे कुस्तीच. टी-ईझेडचं मला हेच आवडलं, बूड सपाट आहे आणि सोबतचा कप एका लयीत खाली जातो, ना सैल ना घट्ट. गोळी पूर्ण तांब्याची, लागल्यावर सहा पाकळ्या उघडतात, वजन फारसं गमावत नाही. महाग आहे, हो. प्रॅक्टिसला दर वेळी हीच जाळायची म्हटलं तर खिसा रडतो, पण दुसऱ्या गोळीने प्रॅक्टिस करून तिसऱ्याच गोळीने शिकार करायची हा प्रकार मला पटत नाही.

एसएसटी-एमएल आत शिशाची, वर तांब्याचं कवच, पॉलिमरचं टोक. ग्रुप (टार्गेटवर तीन गोळ्यांचा पसारा) थोडा मोठा येतो पण दोन इंचाच्या आत, ठासायला सोपी. बजेट बघत असाल तर हीच घ्या आणि पुढचं वाचूच नका, नाही, ठासायचं तेवढं वाचा.

प्लॅस्टिकची टोपी बुडाला असलेली एक फार खपणारी गोळी पण वापरली, नाव घेत नाही कारण दुसऱ्यांच्या बंदुकीत ती छान जात असेल. माझ्यात ती नुसतं बोट लावलं तरी खाली सरकते इतकी सैल आणि ग्रुप पाच इंचाचा. दारू कमी केल्यावर सुधारली, पण मग तेवढ्या कमी वेगासाठी ही गोळी कशाला घ्यायची.

दारूबद्दल दोन गोष्टी. पहिली जिवाची: ठासणीच्या बंदुकीत काळी दारू किंवा तिच्या जागी चालणारी दारूच, म्हणजे पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न वगैरे. काडतुसाची स्मोकलेस दारू कधीच नाही, चिमूटभर पण नाही, नळी फुटते. दुसरी गोष्ट माप. इथे ग्रेन म्हणजे मापट्याने मोजलेले ग्रेन, तराजूवरचे नाही. ब्लॅकहॉर्न हलकी असते, मापाने १०० ग्रेन म्हणजे वजनाने साधारण ७०. कोणी तराजूवर १०० तोलून ओतली तर ती मापाने १४० च्या वर जाते आणि कंपनीची मर्यादाच १२० आहे. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा तेज, म्हणून तेवढाच वेग हवा असेल तर माप १५ टक्के कमी करायचं. आणि तिच्यात प्रत्येक बारानंतर ओली चिंधी, मग कोरडी चिंधी, नाहीतर दारूच्या जागेपाशी कडक कडं तयार होतं आणि पुढची गोळी तिथेच अडते. ब्लॅकहॉर्नमध्ये हा ताप नाही, मध्ये न पुसता बरेच बार काढता येतात, मला ती परवडते ती यासाठीच. मात्र तिला कडक प्रायमर लागतो, मऊ २०९ प्रायमरने बार फुसका किंवा उशिरा जायची शक्यता असते.

आता ठासणं. नळीत तेल राहिलेलं असतं, म्हणून आधी कोरडी चिंधी फिरवायची आणि मोकळ्या बंदुकीवर सुरक्षित दिशेला एक-दोन प्रायमर उडवायचे, आतली वाट कोरडी होते. मग दारू ओतायची आणि नळीला बाहेरून हलकेच टिचक्या मारायच्या, दाणे सारखे बसतात. गोळी आधी छोट्या स्टार्टरने (आखूड दांड्याने) तोंडात बसवायची, मग गजाने एकाच दमात खाली. दारूला टेकली की जेवढा दाब द्याल तेवढाच प्रत्येक वेळी द्यायचा. गज वर उचलून धाडधाड आपटणारे लोक बघितलेत मी, त्याने गोळीचं टोक बिघडतं आणि दारूचे दाणे चुरडतात, एकदा कमी एकदा जास्त, मग ग्रुप कुठून येणार. गोळी आणि दारू यात पोकळी राहिली तर ते नुसतं नेम चुकण्याचं प्रकरण नाही, नळीला धोका आहे. म्हणून गजावर मार्करने एक रेघ रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची, गोळी ठासल्यावर भरलेल्या नळीची रेघ तोंडाला आली नाही तर बार काढायचा नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक, बारांच्या मध्ये थांबा. नळी तापली की प्लॅस्टिकचा कप मऊ होतो आणि चांगली गोळी पण भरकटते, मग लोक डबीला शिव्या देतात. नळीला हात लावून गार लागली की पुढचा.

आणि पहिला बार कुठे जातो ते वेगळं लिहून ठेवा. स्वच्छ नळीतला पहिला आणि काजळी धरलेल्या नळीतला दुसरा-तिसरा एकाच जागी जातीलच असं नाही, माझ्यात पहिला इंचभर वर जातो. जनावरावर पहिलाच बार असतो ना, मग झीरो (नेमाची जुळणी) त्याच्यावरच करायचा, सुंदर तीनच्या ग्रुपवर नाही.

नियम बघूनच गोळी घ्या हे पण सांगायला हवं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनला सॅबोट चालत नाही, वडीसारखी दाबलेली दारू चालत नाही, स्कोप (नेमाची दुर्बीण) पण नाही, म्हणजे वरचं टी-ईझेडचं सगळं कौतुक तिथे बाद. आयडाहोत पण सॅबोट नाही आणि दारू सुटीच. अशा ठिकाणी नळीच्या मापाची शिशाची किंवा तांब्याची गोळी लागते. शिशाच्या कोनिकलखाली लोकरीचा वॅड (चकती) घातल्यावर माझा ग्रुप एकदम आवळला, कारण बुडाला गरम वायू लागत नाही आणि सील पण चांगलं बसतं. साध्या ओपन साइटवर (दुर्बिणीशिवाय) शंभर यार्डांना तीन इंच आले तर मी खूश आहे, शंभर यार्डांच्या पुढे बार काढणारच नाही.

साफसफाई: ब्लॅकहॉर्नला पाणी नको, नेहमीचं बोअर सॉल्व्हंट. बाकीच्यांना गरम साबणाचं पाणी, तेही त्याच दिवशी, गंज थांबत नाही. ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या बुचाच्या) आट्यांना ग्रीस लावा आणि त्यातल्या ठिणगीच्या वाटेत बसणारा कोळसा १/८ इंचाच्या ड्रिल बिटने हातानेच फिरवून काढा, मशीन लावू नका, भोक मोठं झालं तर प्लग नवीनच घ्यावा लागतो.