डिजिटल स्क्रॅपबुकमधील श्रेयाची नोंद : डिजिकॅमच्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझा डिजिटल स्क्रॅपबुकचा (संगणकावर सजवलेल्या फोटोंच्या पानांचा) सगळा साठा, म्हणजे सुमारे सहा हजार पेपर (पानाच्या पार्श्वभूमी) आणि एलिमेंट (फुले, रिबिनी अशी सजावटीची चित्रे), डिजिकॅम या फोटोंचा साठा सांभाळणाऱ्या मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राममध्ये आणला. कोणत्या पानावर कोणत्या डिझायनरचे काम वापरले याची नोंद विश्वासाने ठेवता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. पाने मी जिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्येच करते, त्यामुळे या अनुभवात दोन्ही प्रोग्रामचा उल्लेख येईल.

आधी माझ्याकडे नोंदवही होती. पान पूर्ण झाले की आठवून आठवून नावे लिहायची, अशी माझी रीत होती आणि ती चुकीची होती, हे येळवशीच्या पानाने दाखवून दिले. आमच्या लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात कडब्याची कोप करून पांडव पुजतात आणि भज्जी, आंबील, भाकरीचे जेवण होते. त्या दिवसाच्या फोटोंभोवती मी ज्वारीच्या कणसांसारखी दिसणारी काही कणसे लावली होती. ती एका जुन्या पानावरून थेट कॉपी करून आणल्यामुळे वहीत त्यांची नोंदच झाली नाही. ज्या किटमधली, म्हणजे पेपर आणि एलिमेंटच्या तयार संचातली, ती होती ते किट मोफत होते, आणि डिझायनरने त्याबदल्यात फक्त नाव लिहिण्याची अट घातली होती. एवढी साधी अट आपल्याकडून मोडली गेली, याचे मला फार वाईट वाटले. ते किट शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण फाईलचे नाव फक्त ‘एलिमेंट २३’ असे होते.

अडचण कशी उद्भवते ते समजून घेतल्याशिवाय उपाय सापडत नाही. किटची झिप उघडली की पेपर जेपीजीमध्ये, एलिमेंट पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीमध्ये, एक प्रिव्ह्यू आणि वापराच्या अटींची फाईल असे सारे एका फोल्डरमध्ये मिळते. डिझायनरचे नाव बहुधा अटींच्या फाईलमध्ये आणि प्रिव्ह्यूवर असते. आपण एलिमेंट फुलांच्या किंवा रिबिनींच्या फोल्डरमध्ये हलवले की त्याची आणि नावाची ताटातूट होते. काही डिझायनर फाईलच्या नावाआधी आद्याक्षरे लावतात, पण दोघांची आद्याक्षरे सारखी निघाली की पुन्हा घोळ होतो. चार-पाच जणांनी मिळून केलेल्या किटमध्ये तर किटच्या नावावरून काहीच ठरत नाही; तिथे प्रत्येक एलिमेंटची फाईल वेगळी पाहावी लागते.

डिजिकॅममध्ये मला सर्वांत उपयोगी पडला तो माहितीचा टेम्प्लेट. लेखक, श्रेय, हक्क, वापराच्या अटी आणि स्रोत हे रकाने एका डिझायनरसाठी एकदा भरून ठेवले की नव्या किटच्या सगळ्या फाईल एकत्र निवडून तो मजकूर त्यांना लावता येतो. सेटिंगमध्ये ही माहिती फाईलमध्येच लिहिण्याचा पर्याय चालू ठेवला, तर पुढे फाईल कोणत्याही फोल्डरमध्ये गेली तरी नाव तिच्याबरोबर जाते. टॅगही एकाखाली एक असे लावता येतात, म्हणून मी ‘डिझायनर’, ‘किट’ आणि ‘अट’ अशा तीन मुख्य टॅगखाली बाकीचे टॅग ठेवले आहेत. सारख्या दिसणाऱ्या प्रतिमा शोधण्याची सोयही आहे. तिच्यामुळे तीन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पडलेली एकच कणसे मला एकत्र सापडली.

देवनागरीत नोंद करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. फाईलमध्ये माहिती लिहिण्याच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीतल्या रकान्यांना बाइटची, म्हणजे साठवणीच्या जागेची, मर्यादा आहे : लेखकाच्या नावासाठी ३२, शहरासाठी ३२, की-वर्डसाठी ६४. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना आणि वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते. ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहायलाच ४९ बाइट लागतात, त्यामुळे ही मर्यादा पाळणाऱ्या रकान्यात हे नाव मध्येच तुटते. माझ्या पहिल्या महिन्यातल्या कित्येक नोंदी अशाच अर्ध्यावर तुटल्या होत्या. एक्सएमपी या नव्या पद्धतीत ही अडचण येत नाही. तेव्हापासून मी एक्सएमपीलाच प्रमाण मानते आणि परदेशी डिझायनरांची नावे त्यांनी स्वतः लिहिली आहेत तशीच, रोमन लिपीत ठेवते.

फाईलमधली ही माहिती पानावर मात्र उतरत नाही. एलिमेंट जिम्पमध्ये आणले की त्याचा फक्त लेयर, म्हणजे पानावरचा एक थर, होतो आणि आतले श्रेय मागे राहते. म्हणून साठ्यात असताना मेटाडेटा (फाईलच्या आत लिहिलेली माहिती) आणि पानावर असताना लेयरचे नाव, अशा दोन ठिकाणी काळजी घ्यावी लागते. ‘ओपन अ‍ॅज लेयर्स’ने फाईल उघडली तर तिचे नावच लेयरला मिळते. त्यामुळे मी प्रत्येक फाईलच्या नावात आधी डिझायनर आणि मग किट असे घालून घेतले आहे. कॉपी-पेस्टने आणलेल्या लेयरला हे नाव मिळत नाही. कणसांच्या बाबतीत झाले ते हेच. लेयर एकत्र केल्यावरही वरच्याचे नाव जाते, म्हणून मी आता एकत्र न करता गट करते. ३६०० बाय ३६०० पिक्सेलच्या, म्हणजे ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १२ इंची छापल्या जाणाऱ्या पानाची फाईल त्यामुळे जड होते. ते मी स्वीकारले आहे.

‘अट’ या टॅगचा उपयोग मला अनपेक्षितपणे झाला. वन्संनी त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम करून मागितला आणि आग्रहाने मोबदलाही देऊ केला. वैयक्तिक वापराची परवानगी म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याला पान करून देण्याची परवानगी नव्हे. टॅग लावून पाहिल्यावर निवडलेल्या पाच किटपैकी तीन बाजूला ठेवावी लागली. शीर्षकासाठी वापरलेले मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यांचे श्रेय पानावर लिहिण्याची सक्ती नाही, तरी मी लिहिते.

सर्वांत जास्त विचार मात्र सासूबाईंच्या पैठणीने करायला लावला. तिच्या पदरावरचा बांगडी मोर स्कॅन करून मी एलिमेंट केला आणि लेखकाच्या रकान्यापाशी थांबले. स्कॅन माझा असला तरी नक्षी माझी नाही. ही परंपरागत नक्षी कोणा एकाच्या मालकीची नसली, तरी हा मोर कोणाच्या तरी हातांनी मागावर उतरवलेला आहे. शेवटी लेखक म्हणून ‘पैठणचे विणकर, नाव उपलब्ध नाही’ असे लिहिले, स्रोतात सासूबाईंचे नाव घातले आणि माझे नाव केवळ स्कॅन करणारी म्हणून टिपेत ठेवले. लग्नाच्या जुन्या फोटोंबाबतही मी हाच विचार केला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काढून घेणाऱ्याकडे असतो. मात्र कलम ५७ नुसार कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क छायाचित्रकाराकडेच राहतो. फोटोच्या पाठीवरचे स्टुडिओचे शिक्के आता मी वाचून नोंदवते.

नव्या किटची नोंद करायला मला साधारण वीस मिनिटे लागतात, आणि ती झाल्याशिवाय त्यातले काहीही वापरायचे नाही असा नियम मी केला आहे. तयार पान मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवले तर आतली माहिती गळते. म्हणून श्रेयाची ओळ संदेशात वेगळी लिहिते किंवा पान डॉक्युमेंट म्हणून पाठवते. जुन्या पानांपैकी चौदा पानांवरचे डिझायनर अजून सापडलेले नाहीत. त्यांना ‘शोध चालू’ असा टॅग लावला आहे आणि तोवर ती पाने मी छापत नाही, कोणाला पाठवतही नाही. येळवशीचे पान मात्र कणसांच्या श्रेयासह पुन्हा छापून अल्बममध्ये लावले आहे.