जुनी म्हणून विकलेली नवी नक्कल

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जुन्या चेनसॉ, म्हणजे झाडे तोडण्याच्या साखळीच्या करवती, घेऊन त्या पुन्हा चालत्या करण्याची हौस असलेल्या सर्वांनी हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भंगारातून निघालेले मूळ भाग म्हणून मला जे विकण्यात आले, ते मूळही नव्हते आणि भंगारातलेही नव्हते. अलीकडेच ओतलेली स्वस्त नक्कल घेऊन, तिच्यावर काजळी, जळके ऑइल आणि लाकडाचा भुसा चढवून ती जुनी दिसेल अशी तजवीज करण्यात आली होती. जुन्याला रंग मारून नवे म्हणून खपवण्याचा प्रकार आपल्याला माहीत असतो आणि त्याबाबत आपण सावधही असतो. नव्याला मळवून जुने म्हणून विकण्याचा हा उलटा प्रकार मात्र आपल्यासारख्या छंदी माणसांना डोळ्यांसमोर ठेवूनच काढलेला आहे.

आपल्याकडे हे भाग कुठून येतात, हे या छंदातल्यांना ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गावे, नवापूर-तळोद्याकडच्या लाकडाच्या वखारी, धुळ्या-जळगावच्या सॉ मिल, बांधावरची बाभूळ आणि निंब तोडून देणारे ठेकेदार, यांच्याकडे बंद पडलेली मशीन कोपऱ्यात धूळ खात पडते आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात जाते. एकीचा क्रँक चांगला असतो, दुसरीचा सिलिंडर शाबूत असतो, तिसरीची टाकी आणि हँडल कामाला येते, आणि अशा दोन-तीन मशीन उघडल्यावर एक धडधाकट मशीन उभी राहते. या सगळ्यात आपला विश्वास जुन्या भागावर असतो, आणि त्याला सबळ कारण आहे. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या दोन अर्ध्यांच्या ओतीव कवचाच्या, जोडात किंवा ऑइल सीलपाशी केसाएवढी फट राहिली, तरी बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडतात आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या उन्हात हे फार लवकर घडते. अशा उन्हात वर्षानुवर्षे काम करून टिकलेला मूळ भाग म्हणूनच आपल्याला नव्या नकलेपेक्षा मोलाचा वाटतो. भागावरचा मळ हेच त्या टिकाऊपणाचे प्रमाणपत्र आहे असे आपण धरून चालतो, आणि या विक्रेत्याने बनावट केली ती याच प्रमाणपत्राची.

माझ्याकडे स्टिल या जर्मन कंपनीची ०७० ही मशीन होती. तिचे इंजिन १०६ सीसीचे, बोअर ५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ४० मिलिमीटर. या कंपनीने १९५९ साली काँट्रा नावाची, गिअर नसलेली आणि एका माणसाने चालवण्याजोगी पेट्रोल चेनसॉ बाजारात आणली. ०७० आणि तिची थोरली बहीण १३७ सीसीची ०९० या त्याच घराण्यातल्या असून दोघींच्या भागांचे नंबर ११०६ या आकड्याने सुरू होतात. रचना साधी आणि दणकट असल्यामुळे ०७० ची नक्कलही फार होते आणि चीनमध्ये बनलेले तिचे भाग सर्रास मिळतात. नक्कल म्हणून, नकलेच्या भावाने उघडपणे विकणाऱ्याशी माझे भांडण नाही. ज्याला हलक्या कामासाठी मशीन हवी आहे, त्याने समजून-उमजून तसा भाग जरूर घ्यावा.

माझ्या मशीनचा क्रँककेस बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या) स्टडपाशी तडकलेला होता आणि सिलिंडरवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे पडलेले होते. वेल्डिंग करून पाहण्यापेक्षा मूळ केस मिळवावा म्हणून मी ओळखीपाळखीत विचारणा करत असताना, महाराष्ट्राबाहेरच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराशी एका दलालामार्फत संपर्क झाला. वनखात्याच्या एका डेपोच्या लिलावात आपण काही ०७० घेतल्या, त्या खोलून आपण भाग विकतो, सगळा माल जर्मन आहे, असे त्याने मला लेखी मेसेजमध्ये कळवले. केसचे दोन्ही अर्धे, सिलिंडर-पिस्टन आणि मॅग्नेट मिळून साडेसोळा हजार रुपये ठरले. निम्मी रक्कम यूपीआयने आधी आणि उरलेली रक्कम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सल सोडवताना द्यायची होती. पूर्ण पैसे भरल्याखेरीज खोके उघडू दिले जाणार नाही ही त्याची अट मला तेव्हाही खटकली होती. त्याने पाठवलेल्या फोटोंत मात्र केस चांगला काळाकुट्ट, भुशाने बरबटलेला आणि पिवळ्या रंगाने लिलावाचा आकडा घातलेला दिसत होता, आणि कुठल्याही डेपोतला माल तसाच दिसतो.

खोके मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातच, एका मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांगून उघडले. घरी आणून भाग डिझेलमध्ये बुडवले आणि ब्रश फिरवला, तेव्हा पहिल्याच हाताला सगळा मळ सुटून आला. खऱ्या जुन्या चेनसॉचा मळ असा कधीच सुटत नाही. चेनचे ऑइल आणि भुसा मिळून स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाखाली आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये थरावर थर बसतो. तो वाळून इतका घट्ट होतो की स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडून काढावा लागतो, आणि काढल्यावरही खालच्या धातूवर काळपट डाग राहतो. इथे सगळीकडे एकसारखा पातळ थर होता आणि खाली धातू लख्ख होता. लिलावाचा पिवळा आकडा या मळाच्या वर काढलेला होता, त्यामुळे मळाबरोबर तोही डिझेलमध्ये वाहून गेला. डेपोत नोंदीसाठी घातलेला आकडा त्यानंतर साचलेल्या धुळीखाली असायला हवा, हे लक्षात आल्यावर मी प्रत्येक भाग भिंगाखाली पाहायला घेतला.

पिस्टनचा माथा काळा होता, पण रिंगच्या खाचेत कार्बनचा कणही नव्हता आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या भोकाच्या, भिंती आतून कोऱ्या होत्या. इंजिन चालले असते तर कार्बन आधी तिथे बसला असता. केसवर बार जिथे टेकतो तिथे घासल्याची खूण नव्हती, आणि बारच्या स्टडच्या आट्यांवर नट कधी फिरल्याचे चिन्ह नव्हते. ओतीव अक्षरे उठावदार होती, पण त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या, गोलावलेल्या होत्या; माझ्या मूळ फुटक्या केसवरचे नंबर शेजारी ठेवले की फरक न शिकलेल्यालाही दिसावा. नंतर दोन्ही केसवर आतल्या उघड्या धातूवर व्हिनेगरचा एकेक थेंब टाकला. माझ्या मूळ केसवर लगेच बारीक बुडबुडे उठले, कारण तो मॅग्नेशियमचा आहे. आलेल्या केसवर थेंब पाण्यासारखा निपचित राहिला, म्हणजे तो ॲल्युमिनियमचा होता. ही चाचणी एकाच बाजूने खरी धरावी. काही नकला मॅग्नेशियमच्याही असतात, त्यामुळे बुडबुडे आले म्हणून भाग मूळ ठरत नाही. जिथे मूळ केस मॅग्नेशियमचा असतो तिथे बुडबुडे आले नाहीत, तर तो मूळ नाही हे मात्र ठरते.

मी हे भाग अमळनेरच्या माझ्या ओळखीच्या लेथवाल्याकडे नेले. त्याने बेअरिंगची जागा बोटाने चाचपली, नवे बेअरिंग हातानेच दाबले आणि ते आत जाऊन बसले. बेअरिंग बसवायला केस तापवावा लागतो, एवढी ती जागा घट्ट असली पाहिजे. “भाऊ, हाई ते नवंच शे,” म्हणजे हे तर नवेच आहे, एवढेच तो म्हणाला आणि त्याने केस माझ्या हातात परत दिला. सिलिंडरच्या पोर्टच्या कडाही त्याने दाखवल्या. चांगल्या सिलिंडरमध्ये त्या कडा किंचित मारलेल्या असतात, म्हणजे पिस्टनची रिंग वरखाली जाताना त्यांच्यात अडकत नाही. इथे त्या पात्यासारख्या धारदार सोडलेल्या होत्या. अशा सिलिंडरमध्ये रिंग पोर्टला अडकून तुटते आणि तिचा तुकडा पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही फाडतो. प्रश्न पैशांपुरता राहत नाही, असे मी म्हणतो ते यासाठी. जुन्या ०७० ला चेन झटकन थांबवणारा चेन ब्रेक नसतो. सैल बेअरिंगचा केस भर वेगात तडकला किंवा बारचा स्टड उपटून आला, तर चालवणाऱ्याच्या हातात दहा किलोंहून जड यंत्र आणि फिरती चेन असते. माझ्याकडून मशीन नेणारे माझेच नातेवाईक आणि शेजारचे शेतकरी असतात, आणि हे भाग घातलेली मशीन मी त्यांच्या हातात देणे शक्यच नव्हते.

विक्रेत्याला मी फोटो आणि खोके उघडतानाचे चित्रण पाठवले. त्याचे उत्तर तयारच होते: “दादा, जुन्या मालाला गॅरंटी नसते, हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं.” हे वाक्य आपण सगळे इतक्यांदा ऐकतो की पुढे बोलणेच खुंटते, आणि त्याचा सगळा धंदा या वाक्यावर उभा आहे. परंतु जुना भाग किती दिवस टिकेल याची हमी न देणे ही एक गोष्ट झाली आणि तो भाग कोणत्या कंपनीचा आहे याविषयी खोटे सांगणे ही दुसरी. मूळ केस आणून महिन्याभरात तडकला असता, तर मी एक शब्द बोललो नसतो. मला मूळ केस मिळालाच नाही, आणि तो मूळ आहे हे त्याने लिहून दिले होते. यानंतर त्याने अर्धे पैसे परत देऊ केले, पण माल परत पाठवा आणि तक्रार करणार नाही असे लिहून द्या, अशी त्याला जोड होती. मी नकार दिला, कारण तो माल पुन्हा मळवून दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घातला जाणार हे उघड होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. विक्रेत्याने तिला उत्तर दिले नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही, आणि फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हा कायदा दुकान चालवणाऱ्याला लागू होतो. घरची एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून समोरच्याकडून बिल घेणे आवश्यक आहे. माझ्या बिलावर त्याने केवळ ‘जुने सुटे भाग’ असे लिहिले होते, कंपनीचे नाव नाही. तो लिहिण्यातला चुकारपणा हेतुपुरस्सर होता, आणि मेसेज जपून ठेवले नसते तर माझ्या हातात काहीच राहिले नसते. खोटे सांगून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, तर खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा १९९९ खाली गुन्हा ठरतो, त्यामुळे पोलिसांचा मार्गही मोकळा आहे. माझ्या तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही.

लांबून भाग मागवणाऱ्यांनी पैसे देण्याआधी धुतलेल्या भागाचा फोटो मागावा. मूळ भाग विकणाऱ्याला तो धुऊन दाखवायला हरकत नसते. मळ तसाच ठेवण्याचा आग्रह कोणी धरला, तर तिथेच थांबावे. एक्झॉस्ट पोर्टच्या आतला, रिंगच्या खाचेचा, बेअरिंगच्या जागेचा आणि बार टेकतो त्या पट्टीचा जवळून घेतलेला फोटो हवा, आणि त्यांतल्या एकात तरी त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी ठेवलेले हवे. गेजवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दाखवणाऱ्या व्हिडिओवर विसंबू नये, कारण प्लगच्या भोकातून थोडे जाड ऑइल सोडले की गेलेल्या इंजिनाचा काटाही काही वेळ वर चढतो.

माझा व्यवहार झाल्यानंतर शहाद्याच्या एका परिचितांना त्याच भागांचे फोटो वेगळ्या नावाने आणि वेगळ्या फोन नंबरवरून आले. निळ्या ताडपत्रीवर मांडलेले केसचे दोन अर्धे, डाव्या अर्ध्यावर पिवळ्या रंगात आकडा आणि मागे सिमेंटच्या भिंतीला टेकवलेला एक लांब बार, असा तो फोटो आहे. त्यांनी पैसे देण्यापूर्वी मला विचारले, म्हणून ते वाचले. हा फोटो पाहून ज्यांनी आधीच माल घेतला असेल, त्यांनी तो धुण्यापूर्वी त्याचे फोटो काढून ठेवावेत आणि बिल, यूपीआयची नोंद व मेसेज पुसू नयेत. एकाच विक्रेत्याविरुद्ध एकाच कारणासाठी अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि तशी तक्रार करण्याची माझी तयारी आहे.